चौथा प्लग

"दोन बोटांनी. तिसरं लावलंस तर मी वर चाललो."

हे सांगताना तो उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट माझ्या नाकासमोर धरायचा आणि हवेतच न दिसणारा एक स्क्रू फिरवून दाखवायचा. आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये आजही कुणी बरणीचं झाकण लावताना सहज म्हणून जातं, "दोन बोटांनी हां," आणि सगळे हसतात. मी विषय बदलतो. गेली कित्येक वर्षं मी हेच करत आलोय. सोसायटीच्या स्मरणिकेसाठी त्याच्यावर चार ओळी लिहा असं मला सांगितलं, तेव्हा मी पाठदुखीचं कारण दिलं. माझी पाठ ठणठणीत आहे. त्या माणसाच्या बोटांबद्दल मी एक खोटं बोललो आणि त्याने ते शेवटपर्यंत खरं मानलं. आता माझंही वय असं आहे की आणखी टाळलं तर ते माझ्याबरोबरच जाईल. म्हणून लिहितो. त्याचं नाव लिहीत नाही. बिल्डिंगमधले ओळखतील, आणि तुमच्या ओळखीत असा एखादा असेल तर तुम्हीही.

तो तळमजल्याच्या वर पहिल्या मजल्यावर राहायचा, मी तिसऱ्यावर. तो घाटकोपरच्या एका कंपनीत हिशेब खात्यात होता, मी विक्रोळीच्या कारखान्यात खरेदी खात्यात. त्यामुळे तो मला कायम "ए पर्चेस" म्हणूनच हाक मारायचा. चारचौघांत, माझ्या सुनेसमोर, अगदी गणपतीच्या आरतीतसुद्धा. "ए पर्चेस, कापूर आण."

त्याच्याकडे गाडी नव्हती. त्याला गाडी चालवताही येत नव्हती. तरी बिल्डिंगमधल्या कुठल्याही गाडीने जरा कण्हलं की मालक आधी त्याच्या दाराची बेल वाजवायचा. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने त्याला विचारलं, "काका, एवढं येतं तर गाडी चालवायला का नाही शिकत?"

"मी आत बसलो तर बाहेरून आवाज कोण ऐकणार?" तो म्हणाला.

हे सगळं त्याला लालबागच्या चाळीतून मिळालं होतं. वडील गिरणीत, गाव मालवणच्या बाजूला. चाळीखाली टॅक्सीवाले गाड्या लावत आणि हा शाळा सुटली की दप्तर तिथेच टाकून त्यांच्या गाड्यांखाली. पुढे बीकॉम झाला, टेबलखुर्ची मिळाली, पण रविवार तसाच राहिला. रविवारी सकाळी तो जुनी हाफ पँट घालून पार्किंगमध्ये उतरायचा, काखेत वर्तमानपत्रं आणि हातात स्टीलची ताटली. वर्तमानपत्रं गाडीच्या रंगावर चरा उठू नये म्हणून पसरायची. ताटलीत काढलेले नटबोल्ट, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने, घड्याळाच्या आकड्यांसारखे मांडायचे. ताटली घरातली असायची. मग खिडकीतून वहिनींचा आवाज यायचा, "अहो, माझी पोह्यांची ताटली कुठाय?"

"धुवून देतो गो."

"ती तुमची धुतलेली मला नकोच. ठेवून घ्या आता जन्मभर."

ठेवून घेतली त्याने. तिला आम्ही सगळेच ऑपरेशनची ताटली म्हणायचो.

इंजिनाशी मात्र तो मालवणीत बोलायचा. आमच्याशी मुंबईची भाषा, ऑफिसात इंग्रजी, आणि इंजिनात हात घातला की, "ये गो बाये, ये. रागावलंस? माका म्हायत आसा कोणी त्रास दिलो तुका." आणि माझ्याकडे तिरका बघायचा. कारण ती बाय बहुतेक वेळा माझी असायची.

रिटायर झाल्यावर मी एक जुनी गाडी घेतली होती. लांब नाकाची, दिसायला रुबाबदार. इंजिन उभं बसवलेलं, म्हणजे तीन स्पार्क प्लग डोळ्यांसमोर आणि चौथा थेट मागे, पुढच्या काचेखालच्या पत्र्याच्या आत शिरलेला. तो दिसायचा नाही. मान वाकडी करून, हात कोपरापर्यंत आत घालून, नुसत्या स्पर्शाने तो काढायचा आणि लावायचा. पहिल्यांदा बॉनेट उघडून त्याने आत पाहिलं आणि मला म्हणाला, "पर्चेस, गाडी घेताना बाहेरचा आरसा पाहिलास ना? केस विंचरून पाहिलेस ना? चौथा प्लग पाहिलास?"

प्लग बदलायची त्याची पद्धत ठरलेली होती. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. प्लगच्या खड्ड्यातली धूळ आधी सायकलच्या पंपाने उडवायची, नाहीतर ती आत पडते. मग नवा प्लग पेट्रोलच्या जुन्या रबरी नळीच्या हातभर तुकड्यात खोचायचा, नळी खड्ड्यात सोडायची आणि वरचं टोक दोन बोटांत धरून फिरवायचं. पाना नाही. पाना सगळ्यात शेवटी, नुसता आवळायला.

"इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, मऊ," तो सांगायचा. "प्लग लोखंडी. पान्याने फिरवलास तर आटे सोडून आडवापण घुसतो बिचारा, हेडचे आटे कापत, काही बोलत नाही. नळीत धरलेला आडवा गेला तर नळी बोटांत घसरते. म्हणजे तो सांगतो, मी वाकडा आहे, मला बाहेर काढ. ऐकायचं. जोर करायचा नाही."

फिरवताना तो डोळे मिटायचा. चौथ्या प्लगच्या वेळी तर त्याचा चेहरा असा व्हायचा की जाणारे-येणारेही आवाज न करता जायचे. मग ओठांच्या कोपऱ्यात हसू यायचं. "लागला आटा." त्या दोन शब्दांत त्याचा अख्खा आठवडा भरून निघायचा, असं मला वाटतं.

आणि मी बाजूला टॉर्च धरून उभा. दर वेळी मी म्हणायचो, "चौथा एकदा मला लावू दे ना."

"तू जोर करतोस."

"नाही करणार."

"मेल्या, तू शर्टाचं बटण लावतानापण जोर करतोस."

हे खरं होतं आणि ते मला कुठेतरी लागायचं. माझीच गाडी, आणि मी टॉर्चवाला.

त्या रविवारी आम्हाला दुपारी बोरिवलीला मेहुणीच्या मुलाच्या साखरपुड्याला जायचं होतं. त्याआधी प्लग बदलून घेऊ म्हणून तो सकाळीच उतरला. तीन झाले, आवळून झाले. चौथा त्याने नळीने लावला, डोळे मिटून, हसून. "लागला आटा." तेवढ्यात वरून वहिनींची हाक आली, सिलिंडरवाला आलाय, शेगडीला लावून द्या, मला वास येतोय.

"आलो गो!" तो हात पुसत मला म्हणाला, "कशाला हात लावू नकोस. चौथा दोन बोटांवर बसलाय, नुसता आवळायचा राहिलाय."

तो जिन्यावरून दिसेनासा झाला आणि मी वाकलो. मला काही बिघडवायचं नव्हतं. एकदा, कुणी बघत नसताना, ते जे डोळे मिटून त्याला कळायचं ते मला कळतं का, एवढंच बघायचं होतं. मी नळी घालून चौथा प्लग उलटा फिरवला. तो सहज बाहेर आला. मग परत आत सोडला आणि दोन बोटांनी फिरवू लागलो. नळी घसरली. परत धरली, परत घसरली. तो सांगत होता, मी वाकडा आहे. मला ऐकू येत होतं, पण वर दार लागल्याचा आवाजही ऐकू आला. आता हा खाली येणार आणि प्लग बाहेर बघून म्हणणार, टॉर्च धर पर्चेस, ते तुझं काम. मी नळी टाकली, लांब दांड्याचा पाना खाली सोडला आणि फिरवला. आधी तो फिरेना. मी जोर केला. हाताला बारीकसं 'कच' लागलं आणि मग फिरला. थोडा फिरवला, पाना होता तिथे ठेवला आणि टॉर्च हातात घेतला.

तो आला. पाना लावून आवळायला गेला आणि थांबला.

"हा जड का लागतोय रे?"

त्याने डोळे मिटले, पाना अगदी हलका हलवून पाहिला. "आत्ता तर लोण्यासारखा गेला होता. काढून बघतो."

तेव्हा मी ते वाक्य बोललो. "अरे सोड ना, साखरपुड्याला उशीर होतोय. तूच तर बसवलायस."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे. "हो, मीच," म्हणाला आणि आवळला. स्वतःचा नियम मोडून त्याने केलेलं हे एकच काम, आणि ते त्याने माझ्या शब्दावर केलं. गाडी चालू केली, झकास चालू झाली. त्याने बॉनेटवर तळहात ठेवला, मांजराच्या पाठीवर ठेवावा तसा. मला वाटलं, सुटलो.

काही आठवड्यांनी बायकोला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पवईला घेऊन जाताना, चढावर, बॉनेटखाली बार फुटला. दुसरा शब्द नाही. बायको किंचाळली, तिने माझा दंड असा धरला की नखं उमटली. मागचे हॉर्न वाजवू लागले. गाडी कशीबशी कडेला घेतली. चौथा प्लग आट्यांसकट उडून बाहेर आला होता. कुणाला लागलं नाही, पण बायको पुढे कितीतरी दिवस गाडीत बसायला तयार नव्हती.

भांडुपच्या गॅरेजवाल्याने हेड बघून जीभ टाळ्याला लावली. "काका, हे कोणी लावलं? आडवं लावलंय. आणि हाताने नाय हां, पाना मारून घुसवलंय." त्याने मला कापलेले आटे दाखवले. दाखवायची गरज नव्हती.

बिल्डिंगच्या फाटकाशी तो माझी वाटच बघत उभा होता. बातमी आधीच पोचली होती.

"वहिनींना लागलं नाही ना?"

"नाही."

"गॅरेजवाला काय म्हणाला?"

"आटे गेलेत."

"आडवा बसला होता?"

"हो."

त्याने ती दोन बोटं एकमेकांवर घासली, पीठ चाचपावं तशी. "मला आटा लागल्यासारखा वाटला रे. शपथ. लोण्यासारखा गेला होता." आणि मग, अगदी हळू, "माझ्याच हातून झालं ना?"

तुम्ही म्हणाल, इथे तरी सांगायचं. मीही तेच म्हणतो. त्याने प्रश्न विचारला होता, सरळ, आणि उत्तराची वाट बघत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमाने म्हणालो, "वय झालं रे आपलं. होतं असं."

शिवी दिली असती तर त्याने परत दिली असती. त्या प्रेमापुढे त्याचं काही चाललं नाही. मान हलवून तो वर गेला.

दोन-चार दिवसांत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरीने सूचना टाकली : पार्किंगमध्ये कुणीही खासगी दुरुस्तीची कामं करू नयेत, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. नाव कुणाचं नव्हतं. खाली अंगठ्यांची रांग लागली. ज्यांच्या गाड्या त्याने वर्षानुवर्षं फुकट बघितल्या त्यांचेही अंगठे होते. मीही अंगठा टाकला. नाही टाकला असता तर कुणी विचारलं नसतं.

येत्या रविवारी तो खाली आला की सांगू, असं मी ठरवलं होतं. तो आलाच नाही. त्यानंतर कधीच.

मग एक दिवस वहिनी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "भावोजी, तुमच्या मित्राला काहीतरी समजवा हो. डोळे मिटून बसतात आणि ताटलीत राई आणि खसखस वेगवेगळी करतात. चुकलं की परत मिसळतात, परत पहिल्यापासून. विचारलं तर म्हणतात, बोटं तपासतोय."

"मग, ओळखतात का?"

"दहातले आठ-नऊ. पण चुकलेले तेवढे मोजतात."

मी त्याच्याकडे गेलो. ऑपरेशनची ताटली त्याच्या मांडीवर होती. "पर्चेस, डॉक्टरकडे जाऊन आलो," म्हणाला. "शुगर आहे थोडी. त्याने पायाला, बोटांना टाचणी टोचून पाहिली. म्हणाला, बोटांना किंचित बधिरपणा आहे, या वयात असायचाच." मग तो हसला. "म्हणजे वय झालं म्हणालास, ते खोटं नव्हतं. आधीच कळायला हवं होतं. त्या चढावर वहिनींना काही झालं असतं तर?"

डॉक्टरने त्याला गोळ्या दिल्या होत्या, पण माझ्या खोट्याला शिक्काच मारून दिला होता. आता मी खरं सांगितलं असतं तरी ते दिलाशासारखं वाटलं असतं, असं मी स्वतःला समजावलं. स्वतःला समजावण्यात माझा जोर कधीच कमी पडला नाही.

त्यानंतर तो एकेक काम सोडत गेला. दाढी न्हाव्याकडे. घरातला बल्ब बदलायला वॉचमन. गणपतीला दुर्वांची जुडी बांधायचा मान त्याचा, ती वहिनींकडे दिली. पान्यांची पेटी भंगारवाल्याकडे जाताना मी पाहिली. "ए, पेटी कशाला देतोस?" मी विचारलं. "हात नाहीत तर पाने काय करू," तो म्हणाला आणि घरात निघून गेला. नळीचा तुकडा कोपऱ्यात पडला होता. तो मी उचलला. का उचलला, माहीत नाही.

त्याच्या मुलीला मुलगी झाली. मालाडला तिच्या घरी बारसं होतं. पाळण्यात नाव ठेवून झालं, बाळ या हातातून त्या हातात फिरत फिरत आजोबांकडे आलं. मुलीने पुढे केलं, "बाबा, घ्या ना."

त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको गो. सुटलं बिटलं तर."

"काहीतरीच काय बाबा! बसून घ्या."

"नको म्हणतो ना. माझ्या बोटांचा भरवसा नाही. तू धर, मी बघतो." आणि तो खरोखरच वाकून, हात मागे बांधून, बघत राहिला. "ये गो बाये," म्हणाला. इंजिनाशिवाय दुसऱ्या कुणाशी त्याला त्या आवाजात बोलताना मी तेव्हाच ऐकलं. बाळाने मूठ हवेत उघडली-मिटली, काहीतरी धरायला. आजोबांचा एक हात बोट पुढे करून आला आणि परत मागे गेला.

मी समोर उभा होतो, हातात पेढा. तिथे एक वाक्य पुरलं असतं. खोली माणसांनी भरली होती, माझी बायको शेजारी होती, आणि मी पेढा तोंडात घातला.

वहिनी वारल्यावर मुलगी त्याला मालाडला घेऊन गेली. एके दिवशी मात्र मी ठरवूनच निघालो. पवईवरून बस जाते. त्या चढावर डोळे मिटून घेतले आणि काय बोलायचं ते मनात म्हणत राहिलो. लांबलचक काही नव्हतं. मी, तू वर गेल्यावर, इथपासून सुरू करायचं होतं.

तो खिडकीशी बसला होता, बराच वाळलेला. मला पाहून चेहरा उजळला. "ए पर्चेस! आवाज ओळखला मी जिन्यातच. अजून जोरात चालतोस." मुलीने चहा ठेवला आणि आत गेली. त्याच्यासाठी कपात स्ट्रॉ होती.

"तुला एक सांगायचंय," मी म्हणालो.

"आधी मी सांगतो. कित्येक दिवस राहिलंय." त्याने हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "त्या वेळी अख्खी बिल्डिंग बोलली. तोंडावर नाही, पण मला कळत होतं. नुकसान तुझं झालं, जीव वहिनींचा गेला असता. आणि तू एका शब्दाने मला बोलला नाहीस. वय झालं आपलं म्हणालास. आपलं! सांभाळून घेतलंस मला. ते मी विसरलो नाही रे."

त्याचे डोळे भरले होते. मी चहाचा कप उचलला आणि तो गार होईपर्यंत तसाच धरून बसलो.

"तू काय सांगणार होतास?"

"काही नाही. गाडी विकली."

"बरं केलंस. चौथा प्लग बघून घेतली नव्हतीस ती."

निघताना तो दारापर्यंत आला. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. म्हणाला, "एवढं लावून देतोस? पोरीला सारखं सांगायला लाज वाटते." मी बटण लावू लागलो. ते काजात जाईना. "जोर नको," तो पुटपुटला. मग त्याने माझा हात बाजूला सरकवण्यासाठी ती दोन बोटं माझ्या बोटावर ठेवली आणि बटण कुठे अडलंय ते मला दाखवलं. डोळे खिडकीकडे होते. त्या दोन बोटांखाली बटण आत गेलं. कुणी लावलं ते त्याच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं.

मी जिना उतरलो. पुढच्या खेपेला नक्की, असं म्हणत उतरलो. पुढच्या खेपेला त्या खिडकीशी त्याचा हार घातलेला फोटो होता. त्याच्या नातीने मला पाणी आणून दिलं. तिला आजोबांनी कधी कडेवर घेतलं नाही, हे तिला आठवत असेल की नाही, मी विचारलं नाही.

रबरी नळीचा तो तुकडा माझ्या टेबलाच्या खणात आहे. आता तो कडक झालाय, वाकवला तर चिरतो. बसमध्ये मनात म्हटलेलं ते अजून पाठ आहे. ज्याला सांगायचं होतं तो नाही, म्हणून तुम्हाला वाचावं लागतंय.

तू सिलिंडर लावायला वर गेला होतास. चौथा प्लग मी काढला आणि मी परत बसवला, पान्याने, जोर करून. तुझा आटा बरोबर लागला होता. तुझी बोटं शाबूत होती रे.